जिन्याच्या दाराला लावलेली वीट

आमच्या सोसायटीत प्रत्येक मजल्यावर जिन्याला एक जड, आपोआप मिटणारं दार आहे, आग लागली तर धूर अडवायला, आणि प्रत्येक दाराला कुणीतरी वीट लावून ते उघडं ठेवलंय. "वारा येतो ना, काकू!" मी रोज सकाळी विटा बाजूला करते, संध्याकाळी त्या परत जागच्या जागी असतात. परवा यावरून बोलाचाली झाली, म्हणून आज सविस्तर लिहितेय.

लोडशेडिंगच्या दिवसांत आम्ही भावंडं एक खेळ खेळायचो. मेणबत्ती फुंकायची आणि वातीतून वर चढणाऱ्या पांढऱ्या रेघेला लगेच जळती काडी लावायची. काडी वातीपासून दोन बोटं लांब असली तरी ज्योत त्या रेघेवरून सरसर खाली येऊन वात पेटवायची. ती रेघ म्हणजे मेणाची वाफच, थंड होऊन दिसायला लागलेली. मेणबत्तीत मुख्यतः ही वाफच जळते. लाकूडही तापलं की त्यातून वायू सुटतात आणि ज्वाळा त्या वायूंच्या असतात. आजी निरांजनावर ताम्हन धरून काजळ पाडायची, ती काजळी म्हणजे पुरतं न जळलेलं इंधन. ज्योतीचा पिवळा उजेडही त्याच कणांचा, तापून चमकणाऱ्या.

आता हेच खोलीत बघा. सोफा पेटला की गरम धूर छताला जाऊन भिडतो, भिंतींना अडतो आणि थर जाड होत होत खाली उतरायला लागतो. या थरात जळू शकणारे वायू आणि काजळी ठासून भरलेली असते. तो साधारण 500 ते 600 अंश सेल्सिअसला पोचला की वरून एवढी धग मारतो, की ज्वाळा न लागताच पडदे, गादी, टेबल सगळ्यांतून वायू सुटू लागतात आणि बघता बघता अख्खी खोली पेटते. याला फ्लॅशओव्हर म्हणतात. अमेरिकेतल्या यूएल या संस्थेने दोन दिवाणखाने मुद्दाम पेटवून पाहिले होते. जुन्या पद्धतीच्या फर्निचरच्या खोलीला या टप्प्यावर यायला 29 मिनिटं लागली, फोम आणि सिंथेटिक कापडाच्या खोलीला 4 मिनिटंसुद्धा नाही. आपल्या घरांत आज काय भरलंय ते सांगायला नकोच.

आणि ज्वाळा पोचायच्या आधी धूर पोचतो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या 200 हून अधिक पट घट्ट धरतो. त्याला ना रंग, ना वास. डिसेंबर 2017 मध्ये मुंबईत कमला मिलच्या आवारातल्या आगीत 14 जण गेले, त्यातले बहुतेक गुदमरून. कित्येक जण आसऱ्याला स्वच्छतागृहात शिरले होते. ती बातमी मी अजून विसरलेली नाही.

जिना म्हणजे उभं धुराडं. दारं मिटलेली असतील तर धूर एका मजल्यावर बराच वेळ अडतो. उघडी असतील तर तिसऱ्या मजल्यावरचा धूर पाहता पाहता नवव्यावर. आमच्या नवव्या मजल्यावरच्या आजी गुडघ्यांमुळे एकेक पायरी टेकत उतरतात.

घरात आग लागून बाहेर पडावं लागलं, तर खोलीचं आणि घराचं दार ओढून घ्या, कुलूप मात्र लावू नका. हवा तुटली की आग मंदावते. आणि मिटलेल्या दाराला आधी हाताची मागची बाजू लावून बघा. गरम लागलं तर उघडू नका, आत तापलेले वायू हवेचीच वाट बघत असतात.

आज सगळ्या मजल्यांवरच्या विटा मी घरी आणून ठेवल्यात. ज्यांना परत हव्या असतील त्यांनी माझ्याकडे यावं. चहा घेऊ, आणि मेणबत्तीचा तो खेळ मी करून दाखवेन.