‘ॲनिमेशनमध्ये एडिटर हवाच कशाला?’ : एका फॉरवर्डचा समाचार

बारावीचे निकाल लागले की करिअरचे सल्ले पावसाळी छत्र्यांसारखे बाहेर पडतात. त्यातला एक मला वरचेवर येतो, सोबत प्रश्न असतो, ‘ताई, हे तुमच्याच लाइनचं आहे ना? खरंय का?’ मजकूर थोडक्यात असा : ॲनिमेशनमध्ये एडिटर व्हायच्या भानगडीत पडू नका. तिथे लागतं तेवढंच बनवतात, त्यामुळे कापायला काही उरत नाही. एडिटर तयार शॉट फक्त ओळीने लावतो, सॉफ्टवेअर येणाऱ्या कुणालाही ते जमतं. ऑस्करमध्येही ॲनिमेशनपटाला एडिटिंगचं नामांकन मिळत नाही. भारतात या नोकऱ्या नाहीतच, असल्या तर ओळखीत भरल्या जातात. राहिलेलं एआय खाऊन टाकेल.

मी याच कामावर पोट भरते, म्हणून एकेक मुद्दा घेते. लिहिणाऱ्याचा मूळ घोटाळा एकच आहे. एडिटर शेवटी येतो असं त्याने धरून चाललंय. आमच्याकडे तो ॲनिमेटरच्या आधी कामाला लागतो.

‘लागतं तेवढंच बनवतात, मग कापणार काय?’

लागतं तेवढंच बनवतात, कबूल. पण किती लागतं हे ठरतं कुठे? संहितेत ते कळत नाही. ‘दोघं भांडतात आणि छोटू पळून जातो’ ही एक ओळ चार सेकंदांची होऊ शकते, चाळीसचीही. स्टोरीबोर्ड आर्टिस्ट चौकटी काढतो. त्या टाइमलाइनवर ठेवायच्या, खाली संवाद लावायचे, पावलांचे आणि दाराचे आवाज टाकायचे, कुठून तरी तात्पुरतं संगीत आणायचं. याला ॲनिमॅटिक म्हणतात. अख्खी फिल्म स्थिर चित्रांत, पण खऱ्या वेळेत चालणारी. ती बनवतो एडिटर.

टीव्हीवरचा मुलांच्या मालिकेचा भाग घ्या, अकरा मिनिटांचा. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर १६,५०० फ्रेम. पहिलं ॲनिमॅटिक अकरा मिनिटांत बसलं असं क्वचितच होतं, ते साडेबारा-तेरावर जातं. समजा त्यात हा प्रसंग आहे : आजी फडताळ उघडते, डबा काढते, ओट्यावर ठेवते, झाकण उघडते, आत बघते, लाडू गायब, मग वळून नातवाकडे बघते. सगळ्याच्या चौकटी काढलेल्या आहेत, काढणाऱ्याने जीव ओतून काढल्यात. आता फडताळाच्या दारावरून थेट डब्यात वाकलेल्या आजीच्या चेहऱ्यावर कट केला, तर डबा काढणं, ठेवणं, झाकण, सगळं जातं. चार सेकंद वाचतात. त्यातल्या दहा फ्रेम उचलून आजी वळण्याआधीच्या थांब्याला दिल्या की हशा तिथे येतो. आधी तो झाकणाच्या आवाजात हरवत होता.

हे काम एका दुपारचं. पण तोच निर्णय तीन महिन्यांनी घेतला, तर त्या चार सेकंदांचं लेआउट (पात्रं आणि कॅमेरा कुठे हे ठरवणं) झालेलं असतं, ॲनिमेशन झालेलं असतं, लायटिंग आणि रेंडर (कॉम्प्युटरमधून अंतिम चित्र काढणं) झालेलं असतं. एका ॲनिमेटरच्या हातून दिवसाला काही सेकंदच निघतात, तेव्हा चार सेकंद फेकणं म्हणजे कुणाची तरी दिवसभराची मजुरी फेकणं. म्हणून आम्ही आधीच कापतो. कापलेलं कधी बनलंच नाही म्हणून दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून फॉरवर्डवाल्याला ते झालंच नाही असं वाटतं.

बरं, बनवून झाल्यावर काही कापत नाहीत हेही खरं नाही. १९३७च्या ‘स्नो व्हाइट’साठी वॉर्ड किंबॉल या ॲनिमेटरने बुटके सूप पितात तो प्रसंग कित्येक महिने खपून पेन्सिलीत ॲनिमेट केला होता. गोष्ट तिथे अडते म्हणून वॉल्ट डिस्नेने तो काढून टाकला. ‘टॉय स्टोरी’चं उदाहरण आणखी बोलकं. नोव्हेंबर १९९३ मध्ये पिक्सार स्टुडिओने फिल्मला पैसे पुरवणाऱ्या डिस्नेच्या अधिकाऱ्यांना स्टोरी रील, म्हणजे आमच्या भाषेत ॲनिमॅटिकच, दाखवलं. त्यातला वुडी, म्हणजे गोष्टीचा नायकच, इतका कुचकट झाला होता की डिस्नेने काम थांबवलं. पटकथा नव्याने लिहिली गेली आणि १९९५ला आपण पाहिला तो वुडी आला. तो आधीचा वुडी पूर्ण ॲनिमेट होऊन मग नापास झाला असता तर? रील असतं ते यासाठीच.

‘तयार शॉट ओळीने लावायचे, बस’

संवादांचं काय, हे इथे कुणी विचारतच नाही. कार्टूनमधले दोन मित्र तावातावाने भांडतात, तेव्हा आवाज देणारे दोघं बहुधा एकमेकांना भेटलेलेही नसतात. एक सकाळी अंधेरीत रेकॉर्ड करून गेला, दुसरी पुढच्या आठवड्यात. प्रत्येक वाक्याचे चार-पाच टेक. ते भांडण टाइमलाइनवर उभं राहतं. कुणी कुणाचं वाक्य तोडायचं, कुठे अर्ध्या सेकंदाचा सन्नाटा सोडायचा, कुठला श्वास ठेवायचा नि कुठला काढायचा. तिसऱ्या टेकचं ‘मी काही’ आणि पाचव्याचं ‘घेतलं नाही’ जोडून एक वाक्य केलं तरी चालतं, कारण तोंड अजून काढलेलंच नाही. माणसांच्या सिनेमात ओठ आड येतात, तिथे ही मोकळीक तोंड न दिसणाऱ्या शॉटमध्येच मिळते. आमच्याकडे ओठ त्या जोडलेल्या वाक्यावर बेतून हलवले जातात. ॲनिमेटर ज्या अभिनयावर काम करतो, त्याचा ताल असा आधीच ठरून आलेला असतो.

त्यानंतर येतं ते कंटाळवाणं काम, आणि नवख्याची नोकरी टिकते ती त्याच्यावर. ॲनिमॅटिक लॉक झालं, म्हणजे आता बदल नाही असं ठरलं, की प्रत्येक शॉटला नंबर, प्रत्येकाची फ्रेमसंख्या, चित्रावर छापलेला शॉट नंबर आणि व्हर्जन, ध्वनीच्या वेगळ्या फाइली, असं सगळं पुढच्या विभागांना द्यायचं. मग लेआउटचे प्लेब्लास्ट, म्हणजे कच्चे व्हिडिओ, येतात, ते चौकटींच्या जागी बसवायचे. मग ॲनिमेशन, मग रेंडर. एकाच शॉटची बारावी आवृत्ती आलेली असते आणि अकरावीत दिग्दर्शकाने काय बदल सांगितला होता हे तुम्हाला माहीत असावं लागतं. ॲनिमेटर प्रत्येक शॉट सुटा बघतो. आधीच्या शॉटमध्ये डाव्या हातात असलेली छत्री पुढच्यात उजव्यात गेली, हे सलग बघणाऱ्यालाच दिसतं. या तपासणीला हुकअप म्हणतात. ती चुकली तर रिटेक, आणि रिटेकचा हिशेब प्रॉडक्शन मॅनेजर तोंडपाठ ठेवतो.

सॉफ्टवेअरबद्दल एवढंच : परदेशातल्या मोठ्या स्टुडिओंत ॲव्हिड, आपल्याकडे बहुतेक ठिकाणी प्रीमियर. बटणं महिनाभरात येतात.

‘ऑस्करसुद्धा विचारत नाही’

हा मुद्दा खरा आहे. संपूर्ण ॲनिमेटेड फिल्मला संकलनाचं ऑस्कर नामांकन आजवर मिळालेलं नाही. १९८८च्या ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’ने ते पारितोषिक जिंकलं, पण त्यात माणसं आणि कार्टून एकत्र होती. मतदारांनाही बहुधा फॉरवर्डवाल्यासारखंच वाटत असावं. ॲनिमेशनवाल्यांच्या स्वतःच्या ॲनी पुरस्कारांत मात्र संकलनाचा वेगळा विभाग आहे. आणि ‘टॉय स्टोरी’च्या दोन संकलकांपैकी ली अनक्रिच पुढे ‘टॉय स्टोरी ३’ आणि ‘कोको’चा दिग्दर्शक झाला. शॉट ओळीने लावणाऱ्याच्या हाती पिक्सार एवढं देत नाही.

‘भारतात या नोकऱ्याच नाहीत’

इथे फॉरवर्ड अर्धं खरं बोलतं, म्हणून जरा थांबू. आपल्याकडचे कितीतरी स्टुडिओ जॉब वर्कवर वाढले. परदेशी कंपनी लॉक झालेलं ॲनिमॅटिक आणि संवाद पाठवते, इथे लेआउटपासून पुढचं काम होतं. मघाचे आजीच्या डब्याचे निर्णय मग लॉस एंजलिस किंवा पॅरिसमध्ये झालेले असतात. अशा स्टुडिओत एडिटर असतो, पण तो आलेलं बसवतो, तपासतो, डिलिव्हरी करतो, आणि दोन-तीन मालिकांना मिळून एकच असतो. अशा ठिकाणी चौकशी करून आलेल्याला ‘इथे काही नाही’ वाटलं तर नवल नाही.

पण जिथे गोष्ट इथेच लिहिली जाते, तिथे ॲनिमॅटिकही इथेच बनतं. हैदराबादच्या ग्रीन गोल्डचा ‘छोटा भीम’ २००८पासून, मुंबईच्या कॉसमॉस-मायाची ‘मोटू पतलू’ २०१२पासून. अशा मालिका शेकड्याने भाग काढतात आणि प्रत्येक भागाला कुणीतरी बसून टाइमिंग केलेलं असतं. जाहिरातीच्या छोट्या ॲनिमेशन फिल्मा, शाळेच्या ॲप्ससाठीचे धडे, यूट्यूबवरची बालगीतं, हेही याच रांगेत. अगदी लहान चमूत मात्र एडिटरची वेगळी खुर्ची नसते, दिग्दर्शकच ते करतो. २०२५ मध्ये ॲनिमेशनपटाचं ऑस्कर जिंकणारी लाटव्हियाची ‘फ्लो’ तिचा दिग्दर्शक गिन्ट्स झिलबालोडिसने स्वतःच संकलित केली.

अडचण शोधण्यात आहे. ‘ॲनिमेशन एडिटर’ असं शोधलंत तर लोगो फिरवणाऱ्या आणि अक्षरं उडवणाऱ्या मोशन ग्राफिक्सच्या जाहिराती निघतात. आमची कामं ‘ॲनिमॅटिक एडिटर’, ‘असिस्टंट एडिटर’, ‘एडिटोरियल’ या नावांखाली असतात, आणि पुष्कळदा स्टोरीबोर्ड आर्टिस्टच्या जाहिरातीत शेवटी एक ओळ टाकलेली असते, ‘ॲनिमॅटिक करता यायला हवं’. मालिका संपल्यावर धावणारी श्रेयनामावली थांबवून वाचणं हा माझ्या मते सर्वांत भरवशाचा मार्ग. कुठल्या स्टुडिओत स्टोरीबोर्ड आणि एडिटिंगची नावं भारतीय आहेत, ते पाहायचं. जिथे ती आहेत, तिथे अर्ज.

सरकारी बाजूलाही हालचाल आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये ॲनिमेशन, गेमिंग वगैरेंसाठीच्या मुंबईतल्या राष्ट्रीय केंद्राला मंजुरी दिली, तीच आताची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज. महाराष्ट्राने २०२५ मध्ये या क्षेत्रासाठी स्वतंत्र धोरणही मंजूर केलं. त्याने उद्या सकाळी गोरेगावात खुर्च्या वाढतील असं मी कुणाला सांगणार नाही.

‘उरलेलं एआय खाईल’

आधी गेल्या काही वर्षांतली खरी पडझड पाहू. मे २०२४ मध्ये पिक्सारने सुमारे १४ टक्के लोक कमी केले. फेब्रुवारी २०२५ मध्ये व्हिज्युअल इफेक्ट्स आणि ॲनिमेशन करणारा टेक्निकलर ग्रुप कोसळला आणि भारतात, मुख्यतः बंगळुरूत, हजारो जणांच्या नोकऱ्या गेल्या. एकीकडे स्ट्रीमिंगवाल्यांनी आखडता घेतलेला हात होता, दुसरीकडे कर्जात बुडालेला समूह. त्याचं खापर एआयवर फोडलं की पुढच्या वेळी कुठल्या स्टुडिओपासून लांब राहायचं हे कळत नाही.

एआयने काही जाणार नाही असंही नाही. संवाद ऐकून टाइप करणं, टेक लावून ठेवणं, तात्पुरते आवाज भरणं, ही शिकाऊ असिस्टंटची कामं आटायला लागली आहेत, आणि मला त्याची काळजी वाटते, कारण आम्ही तीच करत करत शिकलो. पण फॉरवर्डवाल्याने स्वतःचेच दोन मुद्दे शेजारी ठेवून वाचलेले नाहीत. वर तो म्हणतो, जास्तीचं बनत नाही म्हणून एडिटर नको. चित्र जनरेट करणारी साधनं तर एका शॉटचे तीस नमुने ओततात. ॲनिमेशनला जे कधीच परवडलं नव्हतं, ते जास्तीचं फुटेज आता येऊन पडणार. ते निवडणार, जोडणार, टाकून देणार कोण?

‘ओळखीशिवाय आत घेत नाहीत’

ओळखीने फोन उचलला जातो, हे सगळ्याच धंद्यांत आहे. पुढे टेस्ट असते. साधारण स्वरूप असं : साठ-सत्तर स्टोरीबोर्डच्या चौकटी, संवादांच्या कच्च्या फाइली, आणि एक-दोन दिवसांत मिनिटभराचं ॲनिमॅटिक. तिथे मामा-काका मदतीला येत नाहीत.

शोरीलमध्ये, म्हणजे स्वतःच्या कामाच्या नमुन्यांच्या व्हिडिओत, लोक लग्नाचे व्हिडिओ आणि गाण्यावर ठेका धरून कापलेले ट्रेलर लावतात. ते वाईट नसतं, पण त्यातून आम्हाला हवं ते दिसत नाही. चांगल्या ॲनिमेशनच्या चकचकीत तुकड्यांचं रील तर मुळीच नको, त्यात तुमचं काय हे कळायला मार्ग नसतो. जवळच्या कॉलेजात चित्रं काढणारी मुलं गाठा, त्यांच्या चाळीस चौकटी घ्या, मित्रांकडून मोबाइलवर संवाद बोलून घ्या. डाव्हिन्ची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती किंवा ब्लेंडर पुरे. एकच प्रसंग दोन प्रकारे कापून दाखवा, एकदा विनोदी, एकदा ताणलेला, चौकटी त्याच. असं रील पाहिलं की बोलावणं जातं, निदान माझ्या माहितीतल्या टेबलांवरून तरी.

टेस्टसोबत प्रोजेक्टची फाइलही मागतात, आणि ती उघडून बघतात. बिन (फाइलींचे कप्पे) कसे लावलेत, ट्रॅकवर संवाद आणि आवाज वेगळे ठेवलेत का, व्हर्जनला नाव काय दिलंय. ‘फायनल_फायनल_२’ नावाची सीक्वेन्स बघून एकदा अख्ख्या खोलीत हसू फुटलं होतं, तो मुलगा तरीही लागला. फाइल उघडताच पडदाभर लाल ‘मीडिया ऑफलाइन’, म्हणजे चित्र-आवाजाच्या फाइली सापडत नाहीत, असं आलं, तर मात्र पुढचं कुणी बघत नाही. म्हणून पाठवण्याआधी सगळा फोल्डर दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेऊन एकदा उघडून बघा.