फ्रीमेसनरी वाचवायची म्हणून तिचे नियम सैल करायचे?

फ्रीमेसनरी म्हणजे ठरावीक विधींनी सदस्य घेणारी एक जुनी बंधुसंस्था; तिचे सदस्य ते मेसन. तिच्याबद्दल एक मत सध्या सगळीकडे फिरतंय आणि आता सदस्यही ते बोलू लागलेत. तरुण येत नाहीत कारण नियम जुनाट आहेत. नव्या सदस्याला घ्यायचं की नाही यावरचं गुप्त मतदान बंद करा, सदस्यत्वाच्या तिन्ही पायऱ्या म्हणजे पदव्या एका दिवसात द्या, विधींच्या मजकुराचं पाठांतर सोडा, नुसती समाजसेवा करा, म्हणजे संस्था तगेल. मला हे पटत नाही.

‘कडक नियमांमुळे संख्या घटली’ हा पहिला दावा. अमेरिकेत १९५९च्या सुमारास ४० लाखांहून जास्त मेसन होते, आज १० लाखही नाहीत. पण ते ४० लाख याच मतदानातून आणि याच विधींतून आत आले होते. शिवाय त्याच दशकांत तिथल्या कामगार संघटना आणि पालक-शिक्षक मंडळंही ओसरली. तिथे कुठे होतं गुप्त मतदान? १९९०नंतर अनेक ग्रँड लॉजनी (लॉज म्हणजे मेसनांची स्थानिक शाखा, ग्रँड लॉज म्हणजे त्यांची वरची संस्था) एका दिवसात पदव्या देणारे मेळावे भरवले. गर्दी झाली, घसरण मात्र थांबली नाही.

‘मतदान म्हणजे भेदभाव.’ या आरोपात दम आहे, म्हणून इथे थोडं थांबायला हवं. पांढऱ्या-काळ्या गोळ्यांच्या या मतदानात काळे गोळे पडले की उमेदवार बाहेर, कारणही सांगावं लागत नाही. मुंबईच्या गोऱ्या मेसननी माणेकजी कर्सेटजींना दारातूनच परत पाठवलं. हे पारशी गृहस्थ पुढे मुलींच्या शिक्षणासाठी झटले. त्यांनी पॅरिसला जाऊन दीक्षा घेतली आणि १८४३मध्ये जेम्स बर्न्स या ब्रिटिश मेसनच्या पुढाकाराने ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे भारतीयांना प्रवेश देणारं लॉज मुंबईत उभं राहिलं. यात नियम कुणी मोडला? जेम्स अँडरसनने लिहिलेल्या फ्रीमेसनरीच्या १७२३च्या संविधानात माणूस भला आणि सचोटीचा असावा, त्याची धर्ममतं त्याच्यापाशी राहावीत, असं होतं. वंशाची अट नव्हती. म्हणजे माणेकजींना नाकारणाऱ्यांनीच कसोटी सोडली होती, बर्न्सने ती पाळली. (त्याच संविधानाने स्त्रियांना बाहेर ठेवलं. त्यावर वाद व्हायलाच हवा, पण मतदान बंद केल्याने तो मिटत नाही.)

आणि ही चाळणी काढून टाकली की काय होतं, ते इटलीने पाहिलंय. तिथल्या ‘पी-टू’ नावाच्या लॉजमध्ये त्याचा प्रमुख लिचो जेली आपल्याला हवी ती माणसं गुपचूप भरत गेला. आपले बंधू कोण, हे सदस्यांनाही नीट ठाऊक नसायचं. मार्च १९८१मध्ये पोलिसांच्या हाती लागलेल्या यादीत ९०० हून अधिक नावं होती: मंत्री, सेनाधिकारी, बँकर, पत्रकार. पंतप्रधान फोर्लानींचं सरकार त्यात पडलं. निवड एका माणसाच्या मर्जीवर गेली की बंधुत्वाच्या जागी वशिला येतो.

‘पाठांतर म्हणजे वेळेचा अपव्यय.’ मी तर म्हणेन, खरं काम तिथेच होतं. नवा अप्रेंटिस, म्हणजे पहिल्या पदवीचा सदस्य, एखाद्या जुन्या बंधूजवळ बसून ओळ न् ओळ घोकतो, अडखळतो, विचारतो. अनोळखी माणसं जवळ येतात ती या बैठकांमध्ये. एका दिवसाच्या मेळाव्यात एका उमेदवारावर विधी होतो आणि बाकीचे खुर्च्यांवर बसून पाहतात. त्यांना प्रमाणपत्र मिळतं, सोबत मात्र मिळत नाही.

‘नुसती समाजसेवा करा.’ मेसननी ती कायमच केली. मेसनांच्या मुलींसाठी लंडनमध्ये १७८८ साली शाळा निघाली. पण तेवढंच करायचं असेल तर १९०५पासून रोटरी आहे, १९१७पासून लायन्स आहे, आणि दोघांचीही यंत्रणा आपल्यापेक्षा सरस आहे. लॉजमध्ये माणूस स्वतःला घडवायला येतो. मदतीचा हात त्यातून पुढे होतो.

बदलायला हव्यात त्या गोष्टी वेगळ्याच आहेत. अर्ज करणाऱ्या तरुणाला महिनोन्महिने कुणी उत्तर देत नाही, ते थांबवा. वर्गणी, पोशाख आणि जेवणावळी मिळून वर्षाला किती खर्च येईल, हे त्याला आधीच स्पष्ट सांगा. यासाठी संविधानातला एकही शब्द बदलावा लागत नाही.