‘दोन ओळी टाका आणि मोकळे व्हा’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. भोसरीतल्या वर्कशॉपमधली सर्व्हिस, म्हणजे मागे आपोआप चालणारा प्रोग्राम, पीसी चालू होताच का कोसळत होती, यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय: ‘एवढं पाल्हाळ कशाला? युनिट फाइलमध्ये रीस्टार्ट ऑलवेज आणि रीस्टार्टसेक ५, या दोन ओळी टाका आणि मोकळे व्हा. एमआयडीसीत लॉग वाचायला वेळ कुणाला आहे?’

(युनिट फाइल म्हणजे सर्व्हिस कशी चालवायची ते लिहिलेली फाइल. पहिली ओळ सर्व्हिस पडली की ती पुन्हा सुरू करायला सांगते, दुसरी त्याआधी किती सेकंद थांबायचं ते.) वेळेचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. उत्पादन मोजणारी सर्व्हिस बंद पडली की शिफ्टचा हिशेब अडतो आणि फोन सुरू होतात. म्हणूनच सविस्तर उत्तर देतोय.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: गुरुवारी देखभालीसाठी गेलेली वीज परत आली की तिथला लिनक्स पीसी राउटरच्या आधी उठायचा. सर्व्हिस एका ठरावीक आयपी पत्त्यावर ऐकायला जायची, पण राउटरकडून तो पत्ता पीसीला अजून मिळालेलाच नसायचा. ‘कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड अॅड्रेस’ म्हणत ती पडायची.

आणि रीस्टार्ट ऑलवेज तिथे आधीपासून होतंच. रीस्टार्टसेक दिलं नसेल तर सिस्टीमडी, म्हणजे लिनक्सवर सर्व्हिस सुरू करणारा आणि सांभाळणारा प्रोग्राम, फक्त १०० मिलिसेकंद थांबतो, आणि १० सेकंदांत ५ वेळा सुरू करून झालं की हात वर करतो. राउटर उठेपर्यंत पाचही संधी संपलेल्या असायच्या, आणि लॉगमध्ये शेवटी दिसायचं ‘स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली’. तुमची दुसरी ओळ तिथे नक्की चालली असती: दर ५ सेकंदांनी एक प्रयत्न म्हटल्यावर १० सेकंदांत ५ होतच नाहीत, मर्यादा लागतच नाही.

पण हीच गोष्ट मला धोक्याची वाटते. वारंवार उडणाऱ्या फ्यूजमध्ये जाड तार घालावी, तसं ते आहे. राउटर उशिरा उठतो हा दोष वेळ गेली की आपोआप सुटतो. बरेचसे दोष तसे नसतात. सर्व्हिसची स्थिती दाखवणाऱ्या ‘सिस्टीमसीटीएल स्टेटस’ या कमांडमध्ये २०३ एक्झेक हा कोड दिसला तर प्रोग्राम चालवताच आलेला नाही: पाथ चुकलाय, एक्झिक्यूट परवानगी नाही, किंवा स्क्रिप्ट विंडोजवर लिहिल्यामुळे पहिल्या ओळीच्या शेवटी एक अदृश्य अक्षर चिकटलंय. २१७ म्हणजे युनिटमध्ये लिहिलेला यूजरच सापडत नाही. २०० म्हणजे वर्किंग डिरेक्टरीत शिरता आलं नाही. यांतलं काहीही वाट पाहून सुटत नाही. दर ५ सेकंदांनी म्हणजे दिवसाला १७,२८० प्रयत्न होतात आणि तितक्याच वेळा तीच चूक जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमडीच्या लॉगमध्ये, लिहिली जाते. जर्नलला जागेची मर्यादा असते, त्यामुळे जुन्या नोंदी जातात, आणि ज्या पहिल्या अपयशात खरं कारण दिसलं असतं, तीच नोंद आधी पुसली जाते.

याहून वाईट म्हणजे अर्धवट काम करून पडणारी सर्व्हिस. सुरू होताना डेटाबेसमध्ये काही लिहायचं आणि मग कोसळायचं, असं तिचं चालू असेल तर प्रत्येक रीस्टार्ट तो घोळ वाढवतो. तिथे सर्व्हिस बंद राहणंच बरं. वर्कशॉपच्या मालकाला बंद सर्व्हिस दिसते, चुकीचे आकडे दिसत नाहीत.

म्हणून मी काय केलं? युनिटमध्ये ‘नेटवर्क टार्गेट’ होतं (टार्गेट म्हणजे पीसी सुरू होतानाचा एक टप्पा), पण नेटवर्क मिळालं याची हमी ते देत नाही. त्याऐवजी ‘नेटवर्क-ऑनलाइन टार्गेट’ घातलं, आफ्टर आणि वॉन्ट्स या दोन्ही ओळींत. आफ्टर फक्त क्रम ठरवतो. ते टार्गेट ओढून आणायचं काम वॉन्ट्सचं. नेटवर्क सांभाळणाऱ्या प्रोग्रामची ‘वेट-ऑनलाइन’ सर्व्हिसही चालू हवी, नाहीतर त्या टार्गेटला काही अर्थ उरत नाही. ती सर्व्हिसही कायम थांबून राहत नाही, म्हणून राउटर फारच रेंगाळला तर आधार असावा यासाठी रीस्टार्ट ऑन-फेल्युअर (अपयशी होऊन पडली तरच पुन्हा सुरू) आणि १० सेकंदांचा रीस्टार्टसेक ठेवला. म्हणजे तुमची ओळ मी वापरलीच आहे, फक्त कारण कळल्यानंतर. प्रोग्राम तुमचाच असेल तर कॉन्फिग चुकल्यावर ७८ हा एक्झिट कोड द्या आणि युनिटमध्ये ‘रीस्टार्ट-प्रिव्हेंट-एक्झिट-स्टेटस’ला ७८ लिहा, मग चुकीच्या कॉन्फिगवर सर्व्हिस उगाच धडका देत बसणार नाही.

लॉग वाचायला वेळ लागतो म्हणालात. ‘जर्नलसीटीएल -बी -यू’ आणि पुढे सर्व्हिसचं नाव, एवढंच टाइप करायचं आणि शेवट सोडून पहिल्या अपयशाकडे जायचं. मात्र पुण्यात वीज जाते हे लक्षात घेऊन आधी एक गोष्ट तपासा: ‘व्हार लॉग जर्नल’ ही डिरेक्टरी आहे का? बऱ्याच ठिकाणी जर्नलची सेटिंग ‘ऑटो’ असते, आणि ही डिरेक्टरी नसेल तर नोंदी फक्त मेमरीत राहतात. वीज गेली की पुरावाही गेला.

तुम्ही पुढे लिहिलंय की तुमच्याकडची एक सर्व्हिस टर्मिनलवरून हाताने चालते, पण बूटला पडते, आणि त्या दोन ओळी टाकूनही दिवसातून अनेकदा ‘अॅक्टिव्हेटिंग’मध्येच दिसते. मला तिथे एन्व्हायर्नमेंटचा, म्हणजे प्रोग्रामला सुरू होताना मिळणाऱ्या सेटिंग्जचा, संशय येतो. सिस्टीमडी तुमचं बॅशआरसी (टर्मिनल उघडताना वाचली जाणारी सेटिंग्जची फाइल) वाचत नाही, पाथही, म्हणजे प्रोग्राम शोधायच्या जागांची यादीही, तुमच्या टर्मिनलचा नसतो. ‘सिस्टीमसीटीएल कॅट’ने दिसणारं युनिट आणि बूटनंतरच्या पहिल्या अपयशाच्या ओळी इथे टाका, पासवर्ड आणि आयपी पत्ते तेवढे काढून. आपण ते इथेच बघू.