अमा म्हणजे अमावास्या नव्हे, शनिवार

बाळाच्या नावांच्या याद्यांबरोबर सध्या एक मजकूर फिरतोय: 'अमा हे घानामधलं नाव. मूळ संस्कृत, अर्थ अमावास्या. शनीची पीडा टळावी म्हणून शनिवारी जन्मलेल्या मुलीला देतात. तिकडेही फार दुर्मीळ.' यातलं घाना आणि शनिवार एवढंच खरं.

आधी संस्कृत. उच्चार जुळला म्हणून सोयरीक जुळत नाही. घानातल्या अकान लोकांच्या ट्वी भाषेत शनिवार म्हणजे मेमेनेदा. त्या दिवशी मुलगा झाला तर क्वामे, मुलगी झाली तर अमा. रविवारची अकोसुआ, सोमवारची अज्वोआ, मंगळवारची अबेना, बुधवारची अकुआ, गुरुवारची या, शुक्रवारची अफुआ. अमा आपल्याकडून गेली म्हणता, मग बाकीच्या सहा जणी कुठून गेल्या? आणि वारावरून नाव ठेवायला संस्कृत लागतं कुठे? आपल्याच पालघर-रायगडच्या पाड्यांवर सोमी, मंगळी, बुधी आहेतच की.

शनीच्या पीडेचं तर उलटंच आहे. अकान परंपरेत शनिवार हा देवाचा वार. परमेश्वरालाच तिथे 'ओन्यांकोपोन क्वामे' म्हणतात. साडेसाती आपली, ती त्यांच्या माथी कशाला?

दुर्मीळ? वार सातच, त्यामुळे ढोबळमानाने दर सात अकान मुलींमागे एक अमा. घानाच्या नामवंत लेखिका आणि एकेकाळच्या शिक्षणमंत्री अमा आटा आयडू (निधन २०२३) हे त्यातलं ठळक नाव. गुलाम म्हणून जहाजांतून नेलेल्यांबरोबर ही नावं जमैकालाही पोहोचली. तिथे शनिवारची मुलगी 'मिंबा' झाली.

हे नाव आवडीने निवडायचं नसतं, ते जन्माबरोबरच येतं, हे त्या मजकुरात कुठेच नाही. घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांचंच बघा. पाद्र्याने नोंदवलेली त्यांची जन्मतारीख २१ सप्टेंबर १९०९. पंचांग उघडलं तर तो निघतो मंगळवार! एन्क्रुमा आत्मचरित्रात खात्रीने सांगतात ते एवढंच, की सप्टेंबरच्या मध्यावरच्या एका शनिवारी, भर दुपारच्या सुमारास आपण जन्मलो. घानात त्यांची जयंती मात्र २१ तारखेचीच मानतात.

नाव गोड आहे, खुशाल ठेवा. फक्त मुलगी बुधवारी झाली असेल, तर तिकडच्या हिशेबाने ती अमा नाही, अकुआ.