स्टेरॉइड खरंच आपोआप आत शिरतात?
स्टेरॉइड आणि कोलेस्टेरॉल पेशीत कसे ये-जा करतात यावरचा हा लेख चांगला आहे, पण त्यातलं ‘स्टेरॉइड संप्रेरकं मेदात विरघळतात, म्हणून पेशीपटलातून (पेशीभोवतीच्या मेदाच्या पातळ आवरणातून) आपोआप आत जातात’ हे वाक्य खटकलं. पाठ्यपुस्तकांतही तेच असतं म्हणा. २०१८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड इथल्या गटाने फळमाशीत दाखवलं की कात टाकायला लावणाऱ्या एक्डायसोन या कीटकांच्या स्टेरॉइड संप्रेरकाला पेशीत शिरायला वाहक प्रथिन लागतं. ते नसेल तर अळीची वाढच अडते. माणसातही तसंच असेल असं यावरून लगेच म्हणू नये. माशी ती माशी.

बाहेर काढण्याची बाजू मात्र माणसातही स्पष्ट आहे. पी-ग्लायकोप्रोटीन हा पेशीपटलातला प्रथिन-पंप कॉर्टिसॉल (ताणाच्या वेळी वाढणारं संप्रेरक) आणि डेक्सामेथासोन (औषध म्हणून वापरलं जाणारं कृत्रिम स्टेरॉइड) यांना पेशीबाहेर ढकलतो. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरात तो भरपूर असतो, त्यामुळे डेक्सामेथासोन मेंदूत कमी पोचतं. खरी गंमत प्रोजेस्टेरॉन या स्त्री-संप्रेरकाची! ते या पंपाला चिकटतं, पण स्वतः बाहेर नेलं जात नाही, उलट पंपच अडवून धरतं. लेखात ‘चिकटतं म्हणजे वाहून नेलं जातं’ असं गृहीत धरलंय, ते इथेच कोसळतं.

आणि कोलेस्टेरॉलबद्दल एवढं लिहिताना एझेटिमाइब हे कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध कसं राहिलं? आतड्यात कोलेस्टेरॉल आत घेणाऱ्या एनपीसी१एल१ प्रथिनालाच ते रोखतं.