गाडीला पाणी घालून येतो

नागपुरात हिरव्या पाटीची, म्हणजे विजेवर चालणारी गाडी घेतली की माणसाला खाजगी आयुष्य उरत नाही. शंकरनगर चौकात सिग्नल लाल झाला की शेजारचा स्कूटरवाला तोंडावरचा दुपट्टा खाली ओढतो, काचेवर बोटाने टकटक करतो आणि विचारतो, "भाऊ, किती देते?" हा प्रश्न नागपूरकर म्हशीबद्दल, बोअरवेलबद्दल आणि मोटारीबद्दल एकाच सुरात विचारतो. मी म्हणतो, "एका चार्जिंगला दोनशे किलोमीटरच्या आसपास." तो म्हणतो, "बस?" आणि मागे बसलेल्या माणसाकडे वळून त्याला माझ्या वतीने हळहळून दाखवतो. पुढचे प्रश्न ठरलेले. बॅटरी केव्हा खराब होईल? खराब झाली तर कितीची येते? पावसात शॉक लागते का? रस्त्यात बंद पडली तर?

तेवढ्यात सिग्नल सुटतो आणि त्याला खरं उत्तर मिळतं. पेट्रोलच्या इंजिनाला जोर धरायला आधी फिरावं लागतं. विजेच्या मोटरचा सगळा जोर शून्यापासूनच हजर असतो. पाय ठेवला की गाडी चौकाच्या पलीकडे. गिअर नाही, क्लच नाही, आवाज नाही. आरशात तो स्कूटरवाला दुपट्टा हातात धरून तसाच दिसतो. माझ्या वयाच्या, शुगरची गोळी घेणाऱ्या माणसाला हे शोभत नाही, कबूल. पण शोभण्यासारखं फार काही करून झालंय आयुष्यात.

सकाळी सहाला वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावरून जाऊन पाहा. खाली रस्ता, मधे पूल, वर मेट्रो, असं ३.१४ किलोमीटरचं ते प्रकरण आहे. काच खाली केली की डोक्यावरून जाणारी मेट्रो स्वच्छ ऐकू येते. काच वर केली की मागच्या सीटखाली घरंगळणारी पाण्याची बाटली, डिकीतला जॅक आणि खिशातली किल्ली, सगळे आपापल्या आवाजात बोलायला लागतात. जुन्या गाडीत इंजिनच एवढं ओरडायचं की बाकीच्यांना बोलायची सोय नव्हती. पाय उचलला की गाडी आपोआप मंदावते, मोटर उलटी डायनमो होते आणि थोडी वीज बॅटरीत परत जमा करते. ब्रेकला महिनोन्महिने फारसं काम पडत नाही.

तर गाडीची तक्रार नाही. ताप आहे तो गाडी उभी असतानाचा.

आमची फ्लॅट स्कीम जुनी. पार्किंगमध्ये सॉकेट लावायचं म्हटल्यावर मीटिंग बोलावली गेली. माझ्याच मीटरवरून वायर खाली येणार, एमसीबी माझा, सॉकेट माझं, कॉमन मीटरला हात लावणार नाही, एवढं मी लिहून दिलं. सेक्रेटरी साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि "पार्किंगमधल्या बल्बचा उजेड वापराल तो?" असं विचारलं. विनोद करत होते की काय, अजून कळलेलं नाही.

खरा विरोध तिसऱ्या मजल्यावरच्या काकाजींचा. त्यांचं म्हणणं एकच, "तुमची गाडी कोळशावर चालते. धूर इथं नाही निघत, कोराडीले निघते." कोराडी म्हणजे नागपूरजवळचं कोळशावरचं वीज केंद्र. मी तयारीनिशी गेलो होतो. म्हटलं, काकाजी, पेट्रोलचं इंजिन दोन-तृतीयांशाहून जास्त ऊर्जा नुसत्या उष्णतेत घालवतं, विजेची मोटर नव्वद टक्क्यांच्या आसपास कामाला लावते. काकाजी शांतपणे म्हणाले, "अन् कोराडीच्या बॉयलरमधी किती जाते?" हा माणूस जन्मभर शाळेत विज्ञान शिकवत होता, हे मला कोणी आधी सांगायला नको?

ठराव मंजूर झाला, सॉकेट लागलं, हिवाळा मजेत गेला. रात्री वायर लावायची, सकाळी गाडी भरलेली. पेट्रोल पंपावरचे लोक माझा चेहरा विसरले असतील.

एप्रिलच्या अखेरीस एका रात्री चार्जरने संप केला. त्याच्या केबलवर विटेएवढा एक डबा असतो आणि डब्यावर दिवे असतात. हिरवा म्हणजे चालू, लाल म्हणजे नाही. लाल लुकलुकायला लागला. वायरमनला बोलावलं. त्याने होल्डरला दोन वायरी जोडलेला शंभरचा बल्ब पिशवीतून काढला. एक वायर फेजला, एक न्यूट्रलला. बल्ब लख्ख. मग न्यूट्रलवरची वायर काढून अर्थिंगला लावली. बल्बची तार लाल झाली, नुसती लाल, आणि तशीच राहिली. वायरमनने मान हलवली. "साहेब, अर्थिंग सुकली."

अर्थिंग सुकते, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. पण इमारतीची अर्थिंग म्हणजे शेवटी जमिनीतला एक खड्डा. त्यात धातूची पट्टी किंवा पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, आणि माती ओली असेल तरच वीज त्यातून नीट जमिनीत उतरते. फ्रीज, टीव्ही, मिक्सर याबाबत काही विचारत नाहीत. ते बिनअर्थिंगचेही वर्षानुवर्षं चालतात. गाडीचा चार्जर मात्र आधी अर्थिंग तपासतो, मगच वीज घेतो. आणि आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात अशी भेगाळते की त्यात पडलेलं रुपयाचं नाणं परत मिळत नाही. खड्डा कुठे आहे याचा शोध लागायला दोन दिवस गेले. कंपाउंडच्या भिंतीला लागून, कूलरच्या जुन्या ताट्यांच्या ढिगाखाली तो सापडला.

"दोन बादल्या टाका," वायरमन म्हणाला. "अन् रोज टाकत जा, पाणी पडेपर्यंत."

टाकल्या. जमिनीने हूं की चूं केलं नाही, नुसती गिळली. अर्ध्या तासाने हिरवा दिवा लागला.

खड्डा उकरताना काळे तुकडे बाहेर आले होते. काकाजींनी त्यातला एक उचलून चष्म्यासमोर धरला. "कोळसा लागलाच ना शेवटी!" म्हणाले. इतका आनंदी मी त्यांना कधी पाहिला नव्हता. तो तुकडा ते वर घेऊन गेले.

त्या दिवसापासून मी रोज रात्री जेवण झालं की तुळशीला पाणी घालावं तशा निष्ठेने खड्ड्याला पाणी घालायला लागलो. घरात सांगायचो, "गाडीला पाणी घालून येतो." हे वाक्य दुसऱ्या मजल्यावरच्या शाळकरी पोराने ऐकलं. पोराने ते खेळायला गेल्यावर सांगितलं आणि आठवड्याभरात आमच्या गल्लीत बातमी झाली, साहेबांची गाडी पाण्यावर चालते.

आता हसणं सोपं आहे, पण हे नागपूर आहे. इथल्या माणसाला नव्या इंधनाचं नवल राहिलेलं नाही. २०१७च्या मे महिन्यात इलेक्ट्रिक टॅक्सींचा पहिला मोठा प्रयोग इथेच सुरू झाला. आमचे खासदार गडकरी साहेब इथेनॉलबद्दल किती वर्षांपासून सांगत आहेत. २०२२ मध्ये तर ते हायड्रोजनच्या गाडीत बसून संसदेत गेले, आणि हायड्रोजन पाण्यापासून निघतो हे लोकांनी टीव्हीवर ऐकलेलं. मग आमच्या गल्लीत कोणी रात्री बादली घेऊन गाडीकडे जाताना दिसला तर लोकांनी काय समजावं? कोपऱ्यावरच्या तर्री पोहेवाल्याने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "साधंच पाणी चालते का फिल्टरचं लागते?"

मी समजावून सांगितलं. अर्थिंग, खड्डा, मीठ, कोळसा, सगळं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, "म्हणजे मीठ टाकून."

बातमी पसरली तसा विरोधही वाढला. मे महिन्यात पाणी कूलरला पुरत नाही. खाली बादली ओतत होतो तेव्हा वरच्या गॅलरीतून स्वच्छ ऐकू येईल अशा बेताने एक काकू दुसऱ्या काकूंना म्हणाल्या, "इथं कूलर कोरडा पडून राहिला अन् लोक गाडीले पाणी पाजून राहिले." त्यांचं चूक नव्हतं. यावर तोडगा काढला तो काकाजींनी. आरओ मशीनमधून जे पाणी वाया जातं, त्यात क्षार जास्त. क्षार जास्त म्हणजे वीज जास्त चांगली वाहते. "अर्थिंगले तेच पाणी द्या. सगळ्यांच्या घरी वाया जाऊन राहिलं." आता प्रत्येक मजल्यावर जिन्यात एक कळशी असते आणि चौकीदार संध्याकाळी त्या गोळा करतो. सेक्रेटरी साहेबांनी याचीही नोंद वहीत केली आहे. माझ्या नावापुढे "पाणी, येणे" असा रकाना आहे.

नवतपा लागला आणि बायकोच्या मामांकडे अमरावतीला लग्न निघालं. शेहेचाळीस अंश. बॅटरीला साधारण वीस ते पस्तीस अंश मानवतात. असं हवामान नागपुरात असतं, डिसेंबर-जानेवारीत. गाडीत मी, बायको, मुलगा आणि आत्याबाई. समृद्धी टाळला. तिथे १२० चा वेग आहे, पण वेग दुप्पट केला की हवेचा अडथळा चौपट होतो आणि त्याचं बिल बॅटरी भरते. शिवाय आत्याबाईंना चहाला थांबता आलं पाहिजे. म्हणून जुन्या रस्त्याने, बाजारगाव, कोंढाळी, तळेगाव. दीडशेच्या थोडं वर अंतर.

गाडी निघेपर्यंत आत्याबाईंनी समोरच्या पडद्यावरचा, बॅटरी किती टक्के उरली ते सांगणारा आकडा पाहिला नव्हता. वाडी ओलांडताना पाहिला, आणि मग अमरावती येईपर्यंत दुसरं काही पाहिलं नाही. "एक्क्याण्णव झाले." "नव्वद झाले रे." कंपनी तीनशे किलोमीटरच्या वर सांगते, मग हे दोनशेच कसे? ती चाचणी, मी म्हटलं, प्रयोगशाळेत रोलरवर घेतात. एसी बंद, वेग नव्वदच्या वर नाही. "कुठं घेतात?" पुण्यात एआरएआय म्हणून संस्था आहे, तिथे. "पुण्यात!" आत्याबाई म्हणाल्या, आणि तो विषय त्यांच्यापुरता मिटला.

कोंढाळीपर्यंत चढ आहे. आकडा भराभर उतरायला लागला तशी आत्याबाईंना त्यागाची उबळ आली. "बंद कर ते एसी. आम्ही काय एसीत जन्मलो?" मी सांगत होतो, गाडी एकदा थंड झाली की एसी फार खात नाही, दहावा हिस्साही नाही, खाते ती मोटर. कोणी ऐकायला तयार नाही. बायकोने काच खाली केली. वाऱ्याचा जो झोत आत आला त्यात पापड भाजले असते. दोन मिनिटं सगळे गप्प. मग आत्याबाई म्हणाल्या, "लाव बाप्पा. ढकलत नेऊ."

सत्याग्रही घाटाच्या उतारावर मी पाय उचलला. गाडी नुसती घरंगळत निघाली आणि खाली येईपर्यंत आकडा एकाने वाढला. आत्याबाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "हे कसं काय?" उतार आहे ना आत्याबाई, मोटर वीज तयार करते. "मग सगळा रस्ता उताराचाच काहून नाही धरत?"

ढाब्यावरच्या फास्ट चार्जरबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. होता. मालक म्हणाले, "लाइट आहे भाऊ, नेटवर्क नाही." चहा घेतला आणि निघालो. मोझरीला तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंजावरून जाताना आत्याबाईंनी हात जोडले आणि डोळे मिटूनच विचारलं, "किती झाले?"

अमरावतीला पोचलो तेव्हा एकोणीस टक्के उरले होते. परत जायचं तर रात्रभर चार्जिंग हवं. मामाजींचं घर नवं, त्यांना त्याचा अभिमान. "जवाईबापू, पाहिजे तिथं वायर लावा," म्हणत त्यांनी मला मागच्या अंगणात नेलं. मांडव तिथेच पडलेला, आचाऱ्यांच्या भट्ट्या, पंगतीच्या सतरंज्या. सॉकेट चांगलं, पंधरा ॲम्पियरचं. वायर लावली. लाल.

मी विचारलं, "मामाजी, अर्थिंगचा खड्डा कुठे आहे?" लग्नघरात जावयाने खड्डा विचारावा हे त्यांना जरा विचित्र वाटलं असणार, पण जावई पडलो, काही बोलले नाहीत. भिंतीजवळ बोट दाखवलं. कोरडा ठणठणीत. बादली मागितली तर सगळ्या बादल्या वरणात आणि ताकात अडकलेल्या. एकही रिकामी नाही. मुलगा चार्जरपाशी उकिडवा बसला, दिव्याकडे बघत.

तेवढ्यात वरपक्षाची पंगत उठली. हात धुवायचा ड्रम कोणीतरी नेमका त्या भिंतीला लावून ठेवला होता. शंभर-सव्वाशे माणसं एकामागून एक येऊन हात धुवायला लागली, चुळा भरायला लागली. वरणाचं, मिठाचं, मठ्ठ्याचं पाणी ओघळत सरळ खड्ड्यात. मी हातात प्लेट घेऊन उभा. शेवटचे चार-पाच जण उरले असतील, तोच मुलगा ओरडला, "बाबा, हिरवा!"

मामाजींना सगळा प्रकार समजावून सांगितला. त्यांनी एकदा खड्ड्याकडे पाहिलं, एकदा गाडीकडे पाहिलं, आणि मांडवाकडे तोंड करून वाढप्यांना हाक मारली. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "चिंता नका करू जवाईबापू, दोन पंगती अजून बाकी आहेत. सकाळपर्यंत फुल होते तुमची गाडी."