पाय मुरगळला, बॉन्ड लंगडला

गेल्या रविवारी जिना उतरताना फोनमध्ये डोकं होतं. शेवटची पायरी संपली असं वाटलं, ती संपली नव्हती. घोटा सुजून टम्म. डॉक्टरांनी क्रेप बँडेज बांधून सांगितलं, आठवडाभर पाय उशीवर. मग काय, सोफा, रिमोट, कंट्रोलर आणि शेजारच्या खुर्चीत बाबा, ज्यांना यातलं काहीच कळत नाही असं आईचं मत आहे आणि सगळंच कळतं असं त्यांचं स्वतःचं.

सुरुवात मी जेम्स बॉन्डच्या 'स्पेक्टर'ने केली. 2015 साली थिएटरात पाहिला होता, तेव्हा सेन्सॉरने चुंबनं निम्म्यावर आणली होती आणि सगळीकडे 'संस्कारी बॉन्ड'चे विनोद फिरत होते. सिनेमा फसला याचं खापर मीही तेव्हा कात्रीवरच फोडलं. आता अखंड पाहिला. कात्री बिचारी निर्दोष आहे.

पहिली दहा मिनिटं मात्र अप्रतिम. मेक्सिको सिटी, मृतांचा सण, सांगाड्याच्या मुखवट्यातला बॉन्ड गर्दीतून हॉटेलात शिरतो, लिफ्टने वर जातो, खिडकीतून गच्चीवर उतरतो, आणि कॅमेरा कुठे तुटल्यासारखा वाटतच नाही. गंमत म्हणजे असली भव्य मिरवणूक त्या शहरात निघतच नव्हती. सिनेमात लोकांनी पाहिली, म्हणून 2016 पासून खरीच काढायला लागले. म्हणजे सिनेमाने शहराला एक सण देऊन टाकला, फक्त प्रेक्षकाला पुढचे दोन तास काय द्यायचं ते ठरवायचं राहिलं.

(इथून पुढे गोष्ट फुटणार आहे. दहा वर्षं झाली, कुणी ओरडू नये.)

स्पेक्टर ही संघटना आणि तिचा म्होरक्या ब्लोफेल्ड बॉन्डपटांतून कित्येक वर्षं गायब होते, कारण हक्कांचं भांडण. बॉन्डचा जनक इयान फ्लेमिंगने 1961 च्या कादंबरीत जे कथानक वापरलं, ते फ्लेमिंग, मी आणि आणखी एक लेखक अशा तिघांनी मिळून रचलं होतं म्हणून निर्माता केव्हिन मॅक्लोरी कोर्टात गेला. ते झेंगट पुरतं मिटलं 2013 मध्ये, मॅक्लोरी वारल्यावर काही वर्षांनी. एवढी वाट पाहून हातात आलेला खलनायक, वर क्रिस्टोफ वॉल्ट्झसारखा नट. आणि त्याचं केलं काय? तर ब्लोफेल्ड हा बॉन्डचा मानलेला भाऊ निघतो! पोरक्या बॉन्डला ह्याच्या बापाने सांभाळलं, त्याच्यावर जास्त माया केली, म्हणून ह्याने बापाला मारलं, स्वतः मेल्याचं सोंग केलं आणि जगभर गुन्ह्यांचं जाळं विणलं. मागच्या तीन सिनेमांत बॉन्डच्या वाट्याला जे जे दुःख आलं, तेही म्हणे ह्याच्यामुळेच.

बाबा चष्मा पुसत म्हणाले, "एवढंच होतं तर वाटणीचा दावा लावायचा."

माझा राग नेमका इथेच आहे. हेरकथेतली भीती अनोळखी माणसाची असते. समोरचा कोण, कुणाचा, त्याला काय हवंय, हे कळत नाही म्हणून आपण खुर्चीच्या कडेला येतो. शत्रू घरातलाच निघाला की एवढं मोठं जग एकदम वाड्यातल्या भाऊबंदकीएवढं होतं. ब्लोफेल्ड आपल्या तळावर बॉन्डच्या कवटीत ड्रिल घालतो. माणसं ओळखू येणार नाहीत, अशी धमकीही देतो. पाच मिनिटांनी हा पठ्ठ्या उठतो आणि नेम धरून सगळ्यांना टिपतो. माझा घोटा चार दिवसांनी जमिनीला टेकला हो! मग मोरोक्कोच्या वाळवंटात तो तळ उडतो. 8,418 लिटर रॉकेल आणि 33 किलो स्फोटकं, गिनीज बुकात विक्रम. पडद्यावर मात्र बॉन्ड आणि नायिका शांतपणे बघत उभे राहतात, शेजारच्या सोसायटीत कुणी माळ लावल्यासारखे.

बाबांनी मग ऐंशीच्या दशकातल्या, उदयपूरला चित्रीकरण झालेल्या बॉन्डपटाचा विषय काढला. कबीर बेदी, विजय अमृतराज वगैरे. तो सिनेमाही अचाटच आहे, पण त्यात खलनायक बॉन्डचा भाऊ नव्हता, हे मान्य करावं लागलं.

मंगळवारी तोंडाची चव बदलायला 'स्लो हॉर्सेस' लावली. कामात माती खाल्लेल्या ब्रिटिश हेरांना एका कळकट इमारतीत आणून टाकलेलं असतं. पहिल्याच भागात एका तरुण हेराच्या वाट्याला काम येतं ते एका पत्रकाराच्या घरचा कचरा उपसण्याचं. साहेब म्हणजे गॅरी ओल्डमन, मळका कोट, भोकं पडलेले मोजे, आणि आणखीही बरंच काही जे जेवताना बघू नये. (आईने ताट उचलून आत नेलं.) सहा भागांचा पहिला सीझन दोन रात्रींत संपला. त्या कचऱ्याच्या पिशवीत जेवढा ताण आहे, तेवढा वाळवंटातल्या रॉकेलात नाही.

गुरुवारपासून 'हिटमॅन 2'. भाडोत्री मारेकऱ्याचा, 2018 चा जुना गेम, पण मी त्यातल्या मुंबईसाठी परत परत जाते. झोपडपट्टी, रेल्वेचं यार्ड, अर्धवट बांधलेला टॉवर. टकलावर मागे बारकोड असलेला गोरा माणूस, म्हणजे आपला नायक, शिंप्याचा वेश करून डॉनबाईची मापं घेतो आणि कुणाला संशय येत नाही, हे सोडून द्या. तिघांना मारायचं असतं. त्यातल्या तिसऱ्याचं नाव वजीर काळे. (काळे! बाबा एकदम सरसावून बसले.) ह्या काळ्यांचा चेहरा आपल्याला ठाऊक नसतो. गर्दीत फिरायचं, कान द्यायचा, ह्याचं त्याच्याशी जुळवायचं, आणि मग कधीतरी उमगतं की हा. ओळखलंत ना फरक? ब्लोफेल्ड स्वतःहून समोर येऊन आपली कुंडली वाचून दाखवतो. इथे एक चेहरा ओळखायला माझी संध्याकाळ गेली, आणि ती मला सिनेमाच्या अडीच तासांपेक्षा लहान वाटली. हा गेम करणाऱ्या डेन्मार्कच्या कंपनीनेच बॉन्डचा गेम करणार असल्याचं 2020 साली जाहीर केलं, तेव्हा मी घरात नाचले होते. तेव्हा घोटा शाबूत होता.

शनिवारी बाबांनी पडद्यावर एका माणसाकडे बोट दाखवलं. "तो बघ. बाकी सगळे कामात आहेत, हा नुसता उभा आहे. हाच तो." मी वीस मिनिटं त्याचा पाठलाग केला. तो खरंच नुसता उभा राहणारा माणूस होता. खरे काळे नंतर भलतीकडेच सापडले, मोहीम संपली, नावं वर सरकायला लागली.

बाबांचा अजून त्या उभ्या माणसावरच संशय आहे.